नळाजवळचा कोपरा

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चुनेवाली बंद काचकारखान्याच्या मागच्या फाटकाशी पोहोचली, आणि तिला आत सोडलं नाही.

तिच्या हातगाडीवर गोणपाटाने तोंड बांधलेले चुन्याचे दोन डबे होते, एक रिकामी बादली होती, काथ्याचे दोन कुंचे होते आणि उंचावर पोहोचण्यासाठी एक सहा फुटी काठी होती. वय त्रेसष्ट. गेली सव्वीस वर्षं ती महोत्सवाच्या शेवटच्या सकाळी याच वेळेला, याच सामानासकट इथून आत जात आली होती. तिला कधी कुणी अडवलं नव्हतं, कारण अडवायला कुणी नसायचं.

"पट्टा?" रखवालदाराने विचारलं.

"कसला पट्टा?"

"मनगटाचा. पिवळा कलाकारांचा, निळा कर्मचाऱ्यांचा, हिरवा तिकीटवाल्यांचा. तुमचा कुठलाय?"

"माझा कुठलाच नाही. मी भिंतीसाठी आलेय."

"मग नाव सांगा, यादीत बघतो."

"इथे नाव सांगत नाहीत."

रखवालदाराने तिच्याकडे नीट पाहिलं. म्हातारी भांडायला आलेली नाही, एवढं त्याला दिसलं असावं. "मावशी, इथे नावाशिवाय कुणी पाणीसुद्धा देत नाही. डब्यांत काय आहे?"

"चुना."

"सकाळी सकाळी कुणाला लावायला निघालात?"

स्वतःच्याच विनोदावर तो पोटभर हसला. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात चुनेवालीचं आयुष्य गेलं होतं आणि हा विनोद तिने शेकड्यांनी ऐकला होता. तरी रीत म्हणून तीही थोडी हसली. मग हातगाडीची दांडी खाली टेकवून फाटकाबाहेर उभी राहिली.

नाव न सांगण्याचा नियम तिचा एकटीचा नव्हता. पहिल्या वर्षी इथे एकतीस माणसं जमली होती. कारखाना बंद पडून चार वर्षं झाली होती, मातीत जिथे बघावं तिथे काचेचे तुकडे. शहरातल्या मोठ्या कलादालनांनी दारात उभं केलं नाही अशी ती माणसं: एक वेल्डर, एक चित्रकला शिकवणारा मास्तर, सनई वाजवणारा पोस्टमन, बाहुल्या करणारी एक नर्स आणि ही. तिकीट नाही, मंच नाही, विक्री नाही, सही नाही. एकमेकांना हाक मारायची ती कामावरून. महोत्सवालाही नाव ठेवलं नव्हतं. लोक 'चार दिवस' म्हणायचे, म्हणून तेच नाव पडलं.

जागेच्या मुनिमाने एकच अट घातली होती. जागा जशी घेतली तशी परत करायची. चार दिवसांत कंपाउंडच्या साठ फूट लांब आणि आठ फूट उंच भिंतीवर सगळ्यांनी चित्रं काढली. चौथ्या दिवशी ती पुसायला कुणाचा हात उचलेना. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. चुनेवालीच्या घरी एका कामातला चुना उरला होता. तिने तो आणला आणि डाव्या टोकापासून सुरुवात केली. डाव्या टोकाला नळ होता आणि नळाशेजारी ड्रॉइंगमास्तरांचं चित्र होतं, एका उघड्या खिडकीचं. मास्तर मागे उभे राहून बघत होते. चुना ओला असताना काही झाकत नाही, खालचं चित्र त्यातून दिसत राहतं. वाळेल तसं ते जातं. खिडकी जायला पाऊण तास लागला. मग मास्तरांनी दुसरा कुंचा उचलला, आणि त्यांच्यामागे बाकीचे आले.

पुढच्या वर्षीपासून तोच नियम झाला. शेवटच्या दिवशी भिंत कोरी. बाकीचे नियम एकेक करत गळून गेले. आधी मंच आला, मग तिकीट, मग सह्या. हा एक नियम राहिला होता.

पावणेसातला पुतणी आली. चुनेवालीच्या धाकट्या भावाची मुलगी, वय बत्तीस. गळ्यात ओळखपत्र, कानाला फोन, दुसऱ्या हातात दुसरा फोन. 'चार दिवसां'चं सगळं कार्यालय आता तीच सांभाळत होती.

"अगं आत्या! अकराला ये म्हटलं होतं ना मी?"

"अकराला ऊन चढतं. चुना उन्हात लावला की सुटतो."

"बरं, बरं. हात पुढे कर." पुतणीने तिच्या मनगटावर पांढरा पट्टा चिकटवला. त्यावर 'पाहुणे' असं छापलेलं होतं. "काढू नकोस हां. काढला की परत लागत नाही."

"भिंतीचं ठरलं?"

"काल सांगितलं ना फोनवर. ठरलंय. तू लावणार. साडेअकराला, सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर कशाला? सगळ्यांनी मिळून लावायचा असतो."

"आत्या, काल चाळीस हजार माणूस होतं इथे. सगळ्यांच्या हातात कुंचा दिला आणि एकाच्या डोळ्यात चुना गेला, तर विमावाले मला उभी जाळतील. तू एकटी लावशील. छान दिसेल. जाहीरसुद्धा केलंय."

भिंत पांढरी होणार होती, आणि तिला हवं होतं ते तेवढंच. गेले तीन महिने कानावर येत होतं की यंदाचं चित्र ठेवून देणार आहेत. परदेशात नाव काढलेला एक चित्रकार बोलावला होता. त्याने आठ दिवस आधी येऊन अख्खी भिंत एकट्याने रंगवली होती. चित्र पोस्टरवर होतं, कपांवर होतं, बसथांब्यांवर होतं. चुनेवालीने ते बसथांब्यावरच पाहिलं होतं. चित्र चांगलं होतं. वाईट आहे असं म्हणता आलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

साडेअकरापर्यंत तिला एका तंबूत बसवलं. तंबूत गाद्या होत्या, पंखा होता, फळं कापून ठेवलेली होती. पांढऱ्या पट्ट्यांची आणखी सहा-सात माणसं होती, पण त्यांच्यातलं कुणी तिच्या ओळखीचं नव्हतं. एका बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठल्या कंपनीकडून?" चुनेवाली म्हणाली, "मी भिंतीकडून." बाईंनी मान डोलावली आणि फोनमध्ये डोकं घातलं.

दहाच्या सुमाराला वेल्डर आला. केस पिकलेले, इस्त्रीचा सदरा, मनगटावर सोनेरी पट्टा. तो सल्लागार समितीवर होता. सहा वर्षांत त्यांचं बोलणं नव्हतं. भांडण झालं नव्हतं, तिकिटाच्या बैठकीनंतर नुसतं थांबलं होतं.

"चुनेवाली, तू अजून तश्शीच."

"तू मात्र धुऊन निघालास."

"बोल, बोल. तुझं बोलणं ऐकायला बरं वाटतं." तो शेजारी टेकला. "आपल्यातलं कोण उरलंय सांग. पोस्टमन मुलाकडे गेला, तो काही आता येत नाही. नर्स ओळखत नाही कुणाला. मास्तर तर..." त्याने वाक्य अर्धवट सोडलं. "एकदा शेवटचं म्हणून कर. मजेत कर. मनाला लावून घेऊ नकोस."

"काय लावून घेऊ नको?"

"काही नाही गं. सहज म्हटलं." तो लगेच उठला. जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला आणि ठेवला नाही.

बरोबर साडेअकराला तिला भिंतीपाशी नेलं. दोरी बांधून दहा फूट जागा मोकळी सोडली होती. दोरीपलीकडे माणसंच माणसं, आणि प्रत्येकाचा हात वर. ते हात मदतीसाठी वर केलेले नव्हते, त्यांत फोन होते. ध्वनिक्षेपकावरून एक बाई सांगत होती की ही एका जुन्या परंपरेची आठवण आहे.

चुनेवालीने डबे उघडले. चुना तिने बुधवारी भिजवला होता. तीन दिवस तो ड्रममध्ये फुलला होता, मग दोनदा गोणपाटातून गाळून तिने त्यात डिंक, मीठ आणि चिमूटभर नीळ घातली होती. घरी दुसरं काही काम नव्हतं. पाट्या आता छापून येतात. गेल्या वर्षभरात तिच्या हातून दोन पाट्या झाल्या होत्या, त्यातली एक हरवलेल्या मांजराची.

दरवर्षी सुरुवात नळाकडून व्हायची. यंदा ती उजव्या टोकाकडून सुरू झाली, कारण नळाकडचा कोपरा तिला शेवटी हवा होता.

त्या कोपऱ्याचं कुणाला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून कुणी बोललं नव्हतं. ड्रॉइंगमास्तर अठरा वर्षं तिथेच चित्र काढत आले. दरवर्षी तीच खिडकी. कधी तिच्यात कपबशी असायची, कधी पडदा, एका वर्षी पाटी रंगवणाऱ्या बाईची पाठ. काढून झालं की ते म्हणायचे, "घ्या, तुमच्या चुन्याची सोय झाली." आणि ती म्हणायची, "पुढच्या वेळी छोटी काढा, मास्तर, चुना महागलाय." यापलीकडे दोघं कधी काही बोलली नाहीत. महोत्सव सोडून ती भेटायचीही नाहीत. आठ वर्षांपूर्वी मास्तर गेले. ते तिला बाराव्या दिवशी कळलं. तेव्हापासून त्या कोपऱ्यात कुणी चित्र काढलं नव्हतं. यंदाचा चित्रकार बाहेरचा. त्याने तोही भरून टाकला होता. त्यात त्याची चूक नव्हती.

तिने कुंचा बुडवला, निथळला आणि भिंतीवर पहिला उभा हात मारला.

कुंचा घसरला.

चुनेवाली थांबली. कोरडी भिंत पहिल्या हाताला चुना ओढून घेते. कुंचा जड लागतो, मनगटाला ओढ बसते. ही भिंत ओढत नव्हती. चुन्याचे थेंब होऊन ते चित्रावरून खाली ओघळत होते, काचेवरून ओघळावेत तसे. तिने अंगठ्याने घासून पाहिलं. गुळगुळीत.

मागून टाळ्या पडल्या.

तिने कुंचा बादलीत ठेवला आणि वळून पुतणीला बोटाने जवळ बोलावलं. पुतणी दोरीखालून वाकून आली.

"भिंतीला काय लावलंय?"

"आत्या, चालू आहे सगळं. नंतर बोलू."

"काय लावलंय?"

पुतणीने आवाज खाली आणला. "वरून एक थर दिलाय. पारदर्शक. चित्र टिकावं म्हणून."

"कधी?"

"गुरुवारी."

"म्हणजे मी लावणार, आणि तुम्ही धुणार."

"चार वाजता टँकर येतोय." पुतणी तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती. "ज्यांनी पैसे घातलेत त्यांना चित्र हवंय. समितीत काहींना तू हवी होतीस. मी दोन्ही बसवलं. दुसरं काय करणार होते मी?"

"काल फोनवर सांगता आलं असतं."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"आले असते," चुनेवाली म्हणाली. "चुना कमी भिजवला असता."

पुतणीला हसू आलं आणि तिने ते गिळलं. मग एकदम म्हणाली, "सात वर्षांची होते मी. माझा हत्ती पुसायला लावलास तू मला. माझ्या हातात कुंचा देऊन, माझा हात धरून. आठवतंय? चार दिवस बोलले नव्हते मी तुझ्याशी."

"तीन."

"चार."

"चौथ्या दिवशी तू मला चपटं नाक म्हणालीस. ते बोलणंच झालं."

ध्वनिक्षेपकावरची बाई म्हणत होती की कलाकार क्षणभर भिंतीशी संवाद साधत आहेत. दोरीपलीकडे कुणीतरी शिटी मारली. सोनेरी पट्टा घातलेला वेल्डर पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर होता आणि आपल्या बुटांकडे बघत होता.

"हत्ती चांगला होता," चुनेवाली म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. चांगला होता, हे तेव्हा सांगायचं राहिलं." तिने कुंचा उचलला. "मी लावते. पण चार वाजता पाइप तू धरायचास. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही. धुवायचं तर तू धू."

"आत्या, त्याला माणसं आहेत..."

"माणसं असू देत."

ती पुन्हा भिंतीकडे वळली. गुळगुळीत भिंतीवर चुना कसा धरायचा, हे तिला येत होतं. दुकानांच्या काचेवर सेलच्या तारखा लिहिताना तिने तो दाट करून लावलेला होता. तळचा गाळ ढवळून तिने चुना घट्ट केला आणि आडवे हात मारायला घेतले, पातळ, एकावर एक. ओघळ थांबले. असा चुना टिकत नाही, पाण्याच्या एका फवाऱ्यात सगळा उतरतो, पण तोवर धरून राहतो.

पहिल्या वीस मिनिटांत फोन खाली यायला लागले. भिंत पांढरी होत नव्हती. ओल्या चुन्यातून चित्र जसंच्या तसं दिसत होतं, आणि एक म्हातारी बाई त्याच्यावरून हात फिरवत होती. यात बघण्यासारखं काही नव्हतं. साडेबारापर्यंत निम्मी गर्दी मोठ्या मंचाकडे गेली. एकपर्यंत जेवायला गेली. पावणेदोनला ध्वनिक्षेपकावरच्या बाईंनी तो बंद केला आणि तार गुंडाळून नेली. वेल्डर सव्वादोनपर्यंत बसला होता. मग त्याला कुणीतरी बोलावून नेलं. जाताना तो दोरीपर्यंत आला, क्षणभर उभा राहिला आणि गेला.

चुनेवालीने मान वर केली ती दोन पंचवीसला. खांदे भरून आले होते. काठी उतरवून ती नळाजवळ आली. शेवटचा अडीच फुटांचा पट्टा उरला होता.

तिने कुंचा टेकवला, आणि कुंचा अडला.

तिने परत टेकवला. मनगटाला ओढ बसली. तिने खाली वाकून बघितलं. नळ गळत होता, तो सव्वीस वर्षं गळतच आला होता. आतल्या ओलीने वरचा पारदर्शक थर इथे फुगला होता आणि त्याचे पापुद्रे सुटले होते. नखाने ओढला तसा एक हातभर पापुद्रा निघून आला, त्याच्याबरोबर नव्या चित्राचा रंगही आला. खाली जुना चुना होता, तिच्या हातचा, थरावर थर.

तिने मागे पाहिलं. दोरीपाशी एक जोडपं सँडविच खात होतं. आणखी कुणी नव्हतं.

सुटत होते तेवढे पापुद्रे तिने काढले. सगळे सुटले नाहीत, मधे मधे निळा रंग राहिला. मग डब्यातला उरलेला सगळा चुना तिने त्या अडीच फुटांवर लावला, उभा एक हात, आडवा एक हात, परत उभा. भिंत पीत राहिली. असा प्यायलेला चुना वाळला की फवाऱ्याने उतरत नाही. हे काम वीस मिनिटांचं होतं, तिने ते पाऊण तास केलं. मग डबे नळाखाली धुतले, कुंचे धुतले, एक डबा पालथा घातला आणि त्यावर बसली.

सँडविचवाली मुलगी जवळ आली. "आजी, इथे काय होणार आहे?"

"भिंत वाळणार आहे."

"अच्छा," मुलगी म्हणाली, आणि दोघं गेली.

भिंत पाणी ओढत नव्हती, म्हणून चुना वाळायला वेळ लागला. साडेतीनच्या सुमाराला उजव्या टोकाकडून पांढरं यायला लागलं. आधी कडा धूसर झाल्या, मग चेहरे गेले, मग मधला लाल भाग गुलाबी होत होत गेला. चाळीस हजारांतलं कुणी ते बघत नव्हतं. मोठ्या मंचाकडून ढोल आणि ओरडणं ऐकू येत होतं. पूर्वी या वेळेला सगळे चुन्याने माखलेले, एकमेकांच्या केसांकडे बघून हसत जमिनीवर बसलेले असायचे. मास्तर नळावर हात धुवायचे आणि हात झटकताना चार थेंब मुद्दाम तिच्याकडे उडवायचे. चुनेवालीने मनगटावरचा पांढरा पट्टा बघितला. त्यावरही चुना उडाला होता, 'पाहुणे'मधला अर्धा शब्द झाकला गेला होता.

चार वाजता टँकर आला. ड्रायव्हरने तो भिंतीसमोर लावला, खाली उतरून पाइप जोडला आणि विचारलं, "कोण धरणार?"

"मी," पुतणी म्हणाली. ती धावत आली होती. ओळखपत्र पाठीवर गेलेलं, एकच फोन, तोही वाजत होता. तिने तो उचलला नाही.

ती भिंतीसमोर उभी राहिली. उजवीकडून जवळजवळ सगळी भिंत पांढरी होती. डावीकडे, नळाजवळ, पालथ्या डब्यावर आत्या बसली होती, तिच्या मागचा कोपरा तेवढा राखाडी दिसत होता.

"तिकडे नाही वाळलं अजून," पुतणी म्हणाली.

"ओल आहे. वेळ लागतो."

"तिकडचं पण पाण्याने जाईल ना?"

चुनेवालीने मनगटावर वाळलेला चुना नखाने खरवडला.

"आत्या, विचारतेय मी."

"पाइप तुझ्या हातात आहे," चुनेवाली म्हणाली. "बघ लावून."

ड्रायव्हर कॉकवर हात ठेवून उभा होता. "मॅडम, सोडू का? साडेचारला दुसरीकडे जायचंय मला."

पुतणीचा फोन वाजून थांबला आणि परत वाजायला लागला. तिने पाइपचं तोंड उचललं, उजव्या टोकाकडे धरलं, मग थोडं खाली आणलं. चार वाजून बारा मिनिटं झाली होती. कॉक बंद होता. नळाजवळचा कोपरा अजून ओला होता आणि त्यातून निळा रंग दिसत होता.